फोटोतले आकार आणि वळणं : तिफण, पांदण, विहीर, चाक

पांदणवाट | रविवार, रात्री ९:१०

मंडळी, नमस्कार.

मी दारव्हा तालुक्यातला. शाळेत शिकवतो, घरी पाच एकर शेती आहे आणि सहा-सात वर्षांपासून फोटो काढतो. एक जुना डीएसएलआर आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटर अशा दोन लेन्स. एरवी मोबाईल. या धाग्यावर मला फ्रेममधल्या आकारांबद्दल बोलायचं आहे. वर्तुळ, त्रिकोण, तिरपी रेषा, एस अक्षरासारखं वळण.

रचनेबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यातली उदाहरणं गोल जिन्यांची, उंच इमारतींची, पुलांची असतात. आमच्या गावात जिना असलेली घरं हातावर मोजावी इतकी. पहिली दोन वर्षं मला मनापासून वाटायचं की आपल्याकडे फोटोत घ्यावा असा आकारच नाही. मग एका मृगात आमच्या वावरात तिफण, म्हणजे पेरणीचं औत, चालू होती आणि मी मागे उभा होतो.

तिफण मागून बघा. जमिनीत तीन फण. प्रत्येक फणामागे एक पोकळ बांबूची नळी. तिन्ही नळ्या वर जाता जाता जवळ येतात आणि चाड्याला, म्हणजे दाणे सोडायच्या लाकडी वाटीला, मिळतात. चाड्यावर माझ्या आईची मूठ. खाली रुंद, वर निमुळता होत गेलेला त्रिकोण आणि त्याच्या टोकावर दाणे सोडणारी मूठ. लहानपणापासून मी ही तिफण पाहत आलो, पण त्रिकोण दिसला तो त्या दिवशी.

उभ्याने काढलेल्या पहिल्या फोटोत तो दिसतच नव्हता. मागे काळी माती, नळ्याही मातकट, सगळं एकमेकांत मिसळून गेलेलं. मग तासात, म्हणजे औताने पडलेल्या ओळीत, उकिडवा बसलो. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आला तसं चाडं आणि मूठ आभाळावर गेली, नळ्या सुट्या झाल्या. फोटो जोडलाय. एक गोष्ट मला त्यात अजून खुपते. मूठ टोकावर नेमकी मधोमध नाही, डावीकडे कललेली आहे. त्रिकोण बरोबर समतोल असता तर बरं झालं असतं असं वाटत राहतं.

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. आकार दिसला की तो तसा का झाला हे आधी विचारायचं. विहीर गोल का? चारी बाजूंनी माती सारखी दाबते, आणि गोल बांधकामात दगड त्या दाबानेच एकमेकांना घट्ट धरतात. तास शेवटी वाकतो का? बैलजोडी काटकोनात वळू शकत नाही, तिला फेरा लागतो. उताराच्या वावरात धुरा (बांध) वाकडा का? तो पाणी अडवायला उताराला आडवा घातलेला असतो. कारण कळलं की कुठे उभं राहायचं हे आपोआप कळतं. तासाचं वळण हवं असेल तर बैल जिथे फिरतात त्या टोकाला जावं लागतं, मधे उभं राहून ते मिळत नाही.

आता पांदणीबद्दल, म्हणजे वावरांमधून जाणाऱ्या वाटेबद्दल, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला. आमच्या गावाबाहेरची पांदण दोनदा वळते, डोळ्यांना सुरेख एस दिसतो. फोटोत मात्र तो नुसता मोडल्यासारखा दिसायचा. दोन पावसाळे मी लेन्सला दोष दिला. दोष उंचीचा होता. समजा वळण माझ्यापासून १०० फुटांवर सुरू होतं आणि २०० फुटांवर संपतं. माझा डोळा जमिनीपासून ५ फुटांवर. तेवढ्या उंचीवरून हे १०० फुटांचं वळण नजरेत जेमतेम दीड अंश उंचीचं होतं. आडवं पसरलेलं, उभं काहीच नाही. राखणीच्या माळ्यावर (मचाणावर) चढलो, डोळा १५ फुटांवर गेला आणि तेच वळण चार अंशांहून थोडं जास्त भरलं. जवळपास तिप्पट. माळा नसेल तर बंडीवर (बैलगाडीवर) उभे राहा. नुसत्या बंडीनेही फरक पडतो.

लांबून मोठ्या लेन्सने काढलं तर वळण आणखी घट्ट दिसतं. तो गुण लेन्सचा कमी आणि अंतराचा जास्त. दूर गेल्यावर वळणाची अलीकडची आणि पलीकडची टोकं आकाराने सारखी दिसू लागतात.

तुमच्या भागात कोणते आकार आहेत ते लिहा. फोटो टाका, मी जोडलेल्या तिफण, बंडीचं चाक आणि पांदण या फोटोंवर मोकळेपणाने बोला.

---

वाकस | रविवार, रात्री १०:०२

सर, फोटोतलं मले फारसं समजत नाही, चाकाचं समजते. आमच्या घरी तीन पिढ्या सुतारकी आहे.

तुम्ही दुसऱ्या फोटोत बंडीचं चाक घेतलं ते समोरून घेतलं, चांगलं आहे. पण तुंब्याच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडी गड्ड्याच्या, वरचा अर्धा भागच ठेवला. चाकाचा जीव तुंब्यात असते. बारा आरे तिथं बसतात. बाहेर घेराचे लाकडी तुकडे सहा, एका तुकड्यात दोन आरे. त्याच्यावर लोखंडी धाव. धाव तापवून लाल करतो तं ते फुगते, मग चाकावर बसवून पाणी टाकतो. थंडी होताना आकसते अन् सगळे सांधे एका दमात आवळून घेते. त्या टायमाले चाकातून कर्र आवाज येते. तो गोल ओढून धरलेला गोल आहे, पेन्सिलनं काढलेला नाही. तुंबा कापला की ते ओढ दिसत नाही.

---

पांदणवाट | रविवार, रात्री १०:२०

भाऊ, हे मला कुठल्याच फोटोवाल्याने सांगितलं नसतं. उद्या पुन्हा काढतो, तुंब्यासकट.

---

रंगपेटी | सोमवार, सकाळी ७:३५

धागा फार आवडला. मी वर्ध्याजवळ चित्रकला शिकवते, म्हणून चित्रकलेच्या बाजूने थोडी भर घालते.

एसच्या वळणाला जुना वंश आहे. विल्यम हॉगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७५३ मध्ये या नागमोडी रेषेला सौंदर्याची रेषा म्हटलं. त्याचं म्हणणं असं की सरळ रेषेवर डोळा थेट शेवटाला जाऊन थांबतो, तर नागमोडी रेषेवर तो रेंगाळत, वाट शोधत जातो. पांदण पाहताना आपलं हेच होतं. फ्रेमचे तीन भाग करायचा नियमही चित्रकारांचाच. जॉन थॉमस स्मिथने १७९७ मध्ये निसर्गचित्रांबद्दल लिहिताना तो मांडला, कॅमेरा यायच्या कितीतरी आधी.

आणि आंरी कार्तिए-ब्रेसाँ. त्यांनी तरुणपणी आंद्रे लोत यांच्याकडे रीतसर चित्रकला शिकली होती. त्यांचा १९३२ चा फ्रान्समधल्या इयेरचा फोटो शोधून पाहा. वरून दिसणारा वळणदार जिना, त्याचा लोखंडी कठडा, खाली रस्त्याची वाकलेली कड आणि डावीकडे वर निसटून चाललेला सायकलवाला. सगळी वळणं त्या सायकलपाशी जाऊन सुटतात. सायकल झाकली तर जिना सुंदर राहील, पण फोटो उभा राहणार नाही.

मुलांना मी एक गोष्ट करायला लावते. फोटोवर बटर पेपर ठेवायचा आणि फक्त मुख्य रेषा कोळशाने ओढायच्या. झाडं, माणसं, कपडे काही नाही. मग कागद उलटा धरायचा. वजन एकीकडे पडत असेल तर लगेच कळतं, कारण उलट्या कागदावर डोळा ओळखीची वस्तू शोधत बसत नाही. सर, तुमच्या पांदणीवर करून पाहा. मला वाटतं उजवीकडचं बाभळीचं झाड वळणापेक्षा जड झालंय.

---

नवखा_मेहकर | सोमवार, दुपारी १:१५

सगळ्यांना नमस्कार. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॅमेरा नाही, फक्त मोबाईल. दोन प्रश्न आहेत.

१) एका ॲपमध्ये फ्रेमवर सुवर्ण गुणोत्तराची शंखासारखी गुंडाळी दिसते. विषय त्या गुंडाळीच्या आत बसवला तर फोटो चांगलाच येतो का?

२) लोणार आमच्या जवळ आहे. चार वेळा गेलो. एवढं मोठं वर्तुळ समोर असून फोटोत साधं तळं वाटतं. गोलपणा येतच नाही. काय चुकतंय?

---

पांदणवाट | सोमवार, संध्याकाळी ६:४०

नवखा, तुझं चुकत काहीच नाही. दुसरा प्रश्न आधी घेतो, तो मला फार आवडला.

लोणारचं विवर काठापासून काठापर्यंत साधारण १.८ किलोमीटर. तू काठावर उभा राहतोस, म्हणजे वर्तुळाच्या परिघावरच. तिथून आख्खं वर्तुळ पाहायचं तर डावीकडून उजवीकडे जवळजवळ १८० अंश नजर फिरवावी लागते. मोबाईलची नेहमीची लेन्स ६५ ते ७० अंश पाहते. तेव्हा पूर्ण काठ एका फ्रेममध्ये येणं शक्यच नाही. खालचं पाणी सुमारे १.२ किलोमीटर रुंद. काठावरून त्याला ८४ अंशांच्या आसपास लागतात. म्हणून तळंसुद्धा दोन्हीकडून कापलं जातं.

पण दहावीची भूमिती आठव. अंतर्लिखित कोनाचं माप त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या निम्मं असतं. तुझा कॅमेरा परिघावर, त्याचा कोन समजा ६७ अंश. मग समोरच्या काठाचा १३४ अंशांचा कंस तुझ्या फ्रेममध्ये येतो. ३६० पैकी १३४, एक तृतीयांशाहून जास्त. एवढा कंस मिळाला की बाकीचं वर्तुळ बघणारा मनात पुरं करतो. तू ते पुरं करू देत नाहीस, कारण क्षितिज मधोमध ठेवतोस आणि अर्धी फ्रेम आभाळाला देतोस. आभाळाला वरची चिंचोळी पट्टी दे. पलीकडच्या काठाचा कंस सलग, झाडाने न तुटलेला येईल अशी जागा शोध. पायाजवळच्या काठाचा थोडा तुकडा खालच्या कोपऱ्यात येऊ दे, म्हणजे अलीकडचा कंस पलीकडच्याला उत्तर देईल.

अल्ट्रावाइडने सगळं बसतं, मान्य. पण मग पलीकडचा काठ सुतळीएवढा बारीक होतो आणि विवराची खोली निघून जाते. पॅनोरमा तर सरळ काठालाही वाकवतो, तिथे खरं वळण कोणतं आणि कॅमेऱ्याचं कोणतं हे कळेनासं होतं. लोणारमध्ये मला ती भेसळ नको वाटते. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळीकडे रंगाचेच फोटो आले. त्या गर्दीत माझ्या लक्षात राहिले ते कंस नीट धरलेले दोन-तीनच.

आता शंखाची गुंडाळी. फोटो काढून झाल्यावर ती कशावरही बसवता येते, फिरवून, उलटी करून. म्हणून तिने काही सिद्ध होत नाही. तीन भागांची रेषा फ्रेमच्या ०.३३३ वर पडते, सुवर्ण गुणोत्तराची ०.३८२ वर. ३६ मिलिमीटर रुंद फ्रेममध्ये हा फरक पावणेदोन मिलिमीटर. चालत्या बैलजोडीचा फोटो काढताना पाव सेकंदात त्याहून जास्त फरक पडतो.

---

रंगपेटी | सोमवार, रात्री ८:५०

सर, इथे मी थोडी नवख्याच्या बाजूने. गुंडाळी मोजपट्टी म्हणून वापरू नये हे खरं. पण ती निसर्गात कुठे आहे हे एकदा हाताने मोजून पाहणं फार मोलाचं. सूर्यफुलाच्या तबकात एका दिशेने फिरणाऱ्या बियांच्या ओळी मोज, मग उलट दिशेच्या. बहुतेक ३४ आणि ५५ असे आकडे येतील, फूल लहान असेल तर २१ आणि ३४. हे आकडे (प्रत्येक आकडा आधीच्या दोन आकड्यांची बेरीज) लिओनार्डो फिबोनाचीच्या नावाने ओळखले जातात, त्याचा ग्रंथ १२०२ चा. आपल्याकडे हेमचंद्राने ११५० च्या सुमारास छंदशास्त्रात लघु-गुरू मात्रांची जुळणी मोजताना हेच आकडे मांडले होते. म्हणजे जे सूर्यफुलात आहे ते कवितेच्या वृत्तातही निघालं. दिवसभर एका फुलापाशी बसून ओळी मोजलेल्या मुलाच्या फोटोत पुढे फरक दिसतो, मी पाहिलाय.

---

संत्राबाग | मंगळवार, सकाळी ६:५५

वरूडहून लिहितेय. आमची संत्र्याची बाग आहे, त्यामुळे आमच्या पुढ्यात आकार एकच: चौकोनी जाळी. सहा मीटरवर ओळ, ओळीत सहा मीटरवर झाड, हेक्टरी २७७ झाडं.

या जाळीत एक गंमत आहे, ती बागेबाहेरच्यांना सहसा माहीत नसते. ओळीच्या तोंडाशी उभं राहिलं की समोर सरळ बोगदा दिसतो. सगळे तसाच फोटो काढतात. पण बागेच्या कोपऱ्यातल्या झाडापाशी जाऊन ४५ अंशांत तिरपं पाहिलं तर त्याच झाडांच्या नव्याच ओळी उभ्या राहतात, कोणी न लावलेल्या. त्या ओळींमधलं अंतर सहा मीटर नसून सव्वाचार मीटर असतं, म्हणून बाग दाट वाटते. आणखी थोडं वळलं की तिसऱ्या ओळी. झाड एकही हललेलं नसतं, आपण फक्त मान वळवलेली असते.

पण सर, एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. तुम्ही आकार नीट दिसावा यावर भर देता. माझ्या अनुभवात नुसता नीट आकार चार फोटोंत कंटाळवाणा होतो. आमच्या बागेत डिंक्या रोगाने नऊ झाडं गेली. ओळीत मधेच रिकामी जागा. बाबा तिकडे पाहायचे टाळायचे. मी एका सकाळी माळ्यावरून आख्ख्या बागेचा फोटो काढला आणि डोळा सरळ त्या रिकाम्या जागेवर गेला. बाकी सगळी जाळी इतकी शिस्तीत होती म्हणून ती पोकळी एवढी बोलली. फोटो बाबांना दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, या ओळीतलं सातवं पण जाणार, त्याचा रंग बघ. फोटोत खरंच ते झाड इतरांपेक्षा पिवळं होतं. मी शेजारून रोज जात होते, मला कळलं नव्हतं.

---

पांदणवाट | मंगळवार, सकाळी ७:२०

ताई, तुमचं म्हणणं पटलं. असाच अनुभव पऱ्हाटीत (कपाशीत) येतो. फुलीवर, म्हणजे आडव्या-उभ्या ओळी जिथे छेदतात तिथे, सरकी टोबलेल्या वावरात दोन्हीकडून डवरा (कोळपं) चालतो, म्हणून दोन्हीकडून तास दिसतात, आणि कोपऱ्यातून तुम्ही म्हणता तशा तिरप्या ओळी. जिथे खाडं पडलेलं असतं, म्हणजे झाड न उगवून जागा रिकामी राहिलेली असते, तिथेच नजर अडकते. मी आजवर खाडं फ्रेमबाहेर ठेवायचो. आता नाही ठेवणार.

---

बांधी_साकोली | मंगळवार, रात्री ९:३०

आमचा मुलूख धानाचा. तुमच्याकडे तास तशी आमच्याकडे बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं खाचर. सपाट जागी बांध्या चौकोनी असतात. उतार आला की धुरे वाकतात, कारण बांधीत पाणी सगळीकडे सारख्या पातळीला उभं राहायला हवं. म्हणजे वाकलेला धुरा ही पाण्यानेच आखलेली रेषा. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीचंही तसंच, जमिनीचा खोलगटपणा जिकडे तिकडे पाळ वळते.

चिखलणी झाली आणि रोवणी अजून व्हायची आहे, ते दोन-तीन दिवस फोटोला सगळ्यात चांगले. बांधीत फक्त पाणी. धुरा आणि त्याचं प्रतिबिंब मिळून मिटलेल्या डोळ्यासारखा आकार होतो. वारा सकाळी सातनंतर उठतो, म्हणून त्याआधीच. रोवणी सुरू झाल्यावर बाया ओळीने वाकून मागे मागे सरकतात. आठ-दहा पाठींच्या कमानी आणि खाली पाण्यात तेवढ्याच उलट्या. बाजूने काढलं तर कमानी एकमेकींवर चढतात, म्हणून मी थोडा तिरपा उभा राहतो, दोन पाठींमध्ये पाण्याची फट दिसेल इतका.

एक विनंती सगळ्यांना. त्या बाया दिवसभर कंबरेत वाकून असतात. आधी बोला, विचारा, मग कॅमेरा काढा, आणि नंतर फोटो नेऊन द्या. मी दरवर्षी दिवाळीआधी प्रिंट वाटतो. एकीने तो देव्हाऱ्याशेजारी लावलाय.

---

नवखा_मेहकर | बुधवार, दुपारी १२:०५

विहिरीचा फोटो गोल कसा आणायचा? माझा अंड्यासारखा येतो.

---

पांदणवाट | बुधवार, रात्री ९:००

तिरपं पाहिलं की वर्तुळाचा लंबगोल होणारच. विहिरीच्या तोंडाकडे ३० अंश वरून पाहिलं तर लंबगोलाची उंची रुंदीच्या बरोबर निम्मी होते. पूर्ण गोल हवा तर कॅमेरा विहिरीच्या मध्यावर, सरळ खाली तोंड करून लागतो. त्यासाठी काठावरून वाकू नकोस. आमच्या भागात कठडे नसलेल्या विहिरी भरपूर, पावसाळ्यात काठ सुटतात. मोबाईल काठीला बांधून टायमर लाव, तू मागे उभा राहा आणि काठी पुढे कर. सोबत कोणीतरी असू दे.

दुसरं, वाइड लेन्सच्या कडेला गोल वस्तू बाहेरच्या बाजूला ताणली जाते. घागर, डोकं, टोपली, काहीही. अंडं तिथूनही होतं. गोल वस्तू मधे ठेव, नाहीतर दोन पावलं मागे जा.

खरं सांगायचं तर मला लंबगोल विहीरच जास्त आवडते. त्यात पलीकडच्या भिंतीचे दगड आणि अलीकडची कड दोन्ही दिसतात, आणि आत किती खोल आहे ते कळतं. पूर्ण गोल काढला की ती बशी वाटते.

---

कवेलू | गुरुवार, सकाळी ८:१०

आकार ऊन ठरवतं, हा मुद्दा राहिला. जुन्या नळीच्या कवेलूंचं (कौलांचं) छप्पर हिवाळ्यात सकाळी आठला काढा, प्रत्येक कवेलूला शेजारच्याची सावली पडून अर्धगोलांची ओळच ओळ दिसते. तेच छप्पर मे महिन्यात दुपारी बाराला सपाट. आपल्या विदर्भात मेच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आधी चंद्रपूरकडे, मग नागपूर-अमरावतीकडे. उभ्या खांबाचीसुद्धा सावली पायाखाली जाते. सावली नाही तर वळण नाही.

---

वाकस | गुरुवार, रात्री ८:४५

सर, चालत्या चाकाचा फोटो काढला का कधी? आमच्या पोरानं मोबाईलवर काढला, तं खालचे आरे साफ अन् वरचे पुसल्यासारखे आले. मोबाईल बिघडला का म्हणून मले विचारत होता.

---

पांदणवाट | गुरुवार, रात्री १०:३०

भाऊ, मोबाईल शाबूत आहे, पोराने फार सुंदर गोष्ट टिपली. चाक न घसरता चालतं तेव्हा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणी थांबलेला असतो. तुंबा बंडीच्या वेगाने पुढे जातो आणि चाकाचा वरचा भाग त्याच्या दुप्पट वेगाने. म्हणून खाली स्पष्ट, वर पुसट.

हिशोब करून पाहिला. बंडी सेकंदाला एक मीटर चालली आणि चाक साडेचार फुटी असलं तर ते सेकंदात साधारण ८४ अंश फिरतं. दोन आऱ्यांमध्ये ३० अंश. शटर १/३० सेकंद ठेवलं तर आरा तीन अंशही हलत नाही, सगळे आरे मोजता येतात. १/४ ठेवलं तर २१ अंश हलतो, वरचे आरे विरघळून पंख्यासारखे होतात आणि खालचे दोन-तीन उभे राहतात. कॅमेरा मात्र दगडावर टेकवलेला हवा. त्या फोटोत धावेचा गोल आणि चाकाची चाल दोन्ही असतात. पोराला म्हणावं इथे टाक.

---

संत्राबाग | शुक्रवार, सकाळी ७:०५

प्रिंटबद्दल कोणी लिहिलं नाही. तुम्ही कुठून काढता?

---

पांदणवाट | शुक्रवार, संध्याकाळी ७:१५

त्यात मी एकदा पोळलोय. तालुक्याच्या एका स्टुडिओत पांदणीचा फोटो ८ बाय १० मध्ये काढायला दिला. हातात आला तेव्हा वळणाचं शेवटचं टोक, जिथे वाट आमराईत शिरते, ते गायब. कॅमेऱ्याची फ्रेम ३ ला २ असते, ८ बाय १० कागद ५ ला ४. उंची पूर्ण ठेवली तर रुंदीचा सहावा भाग कापावाच लागतो. त्यांनी डावीकडून सगळा कापला. एसचा नुसता कंस उरला. दोन पावसाळ्यांची मेहनत त्या सहाव्या भागात होती, मला तो दिवस फार जड गेला.

आता ८ बाय १२ च सांगतो. तो कागद ३ ला २ आहे, काही कापलं जात नाही. मोबाईलची फ्रेम ४ ला ३, तिच्यासाठी ६ बाय ८. आणि काउंटरवर तोंडी न सांगता पाकिटावर लिहून देतो, कडा कापू नये.

---

नवखा_मेहकर | रविवार, सायंकाळी ५:५०

सर, आज लोणारला गेलो होतो. फोटो जोडला आहे. आभाळ वर थोडंच ठेवलं. डावीकडे एक लिंबाचं झाड कंस तोडत होतं, म्हणून काठाने वीसेक पावलं चालत गेलो. खालच्या कोपऱ्यात अलीकडच्या काठाचे दगड घेतले. माझ्या बहिणीला दाखवला. ती काही न बोलता स्क्रीनवर बोट गोल फिरवत गेली, फ्रेमच्या बाहेरूनसुद्धा.

---

रंगपेटी | रविवार, सायंकाळी ६:२०

बाळा, फार छान. खालचे दगड थोडे अजून गडद असते तरी चाललं असतं. मूळ फाइल जपून ठेव.

---

पांदणवाट | रविवार, रात्री ९:४०

नवखा, बहिणीच्या बोटाबद्दल वाचून मी जागेवरून उठून घरात एक फेरी मारली. असाच काढत राहा.

मलाही एक सांगायचं आहे. रंगपेटी ताईंच्या सांगण्यावरून तिफणीच्या फोटोवर बटर पेपर ठेवून रेषा ओढल्या. त्रिकोण नीट आला, फक्त वरची मूठ डावीकडे. फोटो थोडा फिरवून आणि कापून ती मधे आणता येईल का म्हणून मी खुणा करत बसलो होतो. आई शेजारी तूर निवडत होती. तिने कागद बाजूला करून फोटो पाहिला आणि विचारलं, काय करतोस. मी सांगितलं, मूठ मधे आणतोय.

ती म्हणाली, त्या दिवशी डाव्या नळीत ओली माती चढली होती, दाणा कमी उतरत होता. तास संपल्याशिवाय जोडी थांबवता येत नाही. म्हणून मूठ डाव्या भोकाकडे धरली होती, तेवढाच जास्त दाणा तिकडे जावा. मग तिने डाव्या नळीच्या बुडाशी बोट ठेवलं. तिथे मातीचा बोटभर थर होता, फण आणि नळीच्या सांध्यात. इतक्या वेळा पाहून मला तो सावलीच वाटला होता.

फोटो आहे तसा ८ बाय १२ मध्ये काढायला दिला आहे.